आजीने सांगितलेले अर्थ

शहापूर, ता. ४ जुलै १९३७

सरूबाय गो,

वरती मायना लिहायला यमाजीने टाक उचलला होता, मी म्हटलं राहू दे. आशीर्वाद शाईत बुडवला की पातळ होतो. यमाजी म्हणजे आपल्या दवाखान्यातला कंपाउंडर, लहानपणी तुझं नाक दाबून कडू औषध पाजायचा तोच. गुडघ्याचं तेल न्यायला आले की मी त्याच्या बाकावर बसते आणि तो माझं बोलणं कागदावर उतरवतो. त्याला बजावलंय, बोलेन तसं लिही, शुद्ध करत बसू नको. शुद्ध व्हायचं माझं वय गेलं.

घरात सगळी धडधाकट. तुझा काका नामा सकाळी रागावतो आणि संध्याकाळी कशाला रागावलो ते विसरतो. काकू विसरत नाय. तुझ्या पाठच्या गोदूला वाशिंदचं स्थळ आलंय. आई-बापामागं वाढवलेल्या दोन पोरी, त्यातली दुसरी उजवली की मी मरायला मोकळी. पण गोदूला इतकं रूप दिलंय देवाने की अक्कल द्यायची राहून गेली. तू चौथीपर्यंत शिकलीस, तिने शाळेची पायरी नाय बघितली.

गिरजा कासारीण मुरबाडात बांगड्या भरून आली. ती म्हणाली, सरूचा नवरा जाड इंग्रजी पुस्तक घेऊन बसतो आणि घरातल्या माणसांना एकेक नाव ठेवतो. आता नावं ठेवायचं काम या आख्ख्या तालुक्यात माझं. तुझ्या कमळूरावाला मी मांडवातच वाळकी काकडी म्हटलं होतं. तेव्हा हा माझ्यापुढं दुकान थाटणारा कोण निघाला, ते नीट कळव. आणि लग्नाला तीन वर्षं झाली, अजून आंबट-चिंबट खावंसं वाटतं की नाय, तेही कळव. पत्र गिरजाजवळच दे. टपालातली पत्रं तुमच्या डेपोत आधी फुटतात म्हणे.

बाईजाआजी


मुरबाड, दिव्यांची अवस, १९३७

आजी, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

तू विचारलंस ते खरं आहे. हे लाकडाच्या डेपोत कारकून आहेत ना, तर रेंजरसाहेबांच्या कचेरीत एक जागा निघणार आहे. तिथे इंग्रजी चांगलं लागतं. म्हणून हे पुस्तकातले माणसाचे गुण सांगणारे शब्द पाठ करतात. एका वेळी एकच अक्षर. मागल्या वर्षी ए झालं, आता बी चाललंय. हे म्हणतात, नुसतं घोकलेलं राहत नाही, शब्द जिवंत माणसाला चिकटवावा लागतो, मग तो माणूस दिसला की शब्द आठवतो.

त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांना शब्द मिळाले. सासूबाई बल्की, म्हणजे आडव्या अंगाच्या. ढवळा बैल ब्रेव्ह, म्हणजे शूर. मला पहिल्यांदा ब्राइट म्हणायचे. ब्राइट म्हणजे चकचकीत, हुशार. तेव्हा फार बरं वाटायचं. मग काही दिवस ब्लंट, म्हणजे बोथट विळ्यासारखी. त्याचं वाईट वाटलं, पण गंमत आहे म्हणून सोडून दिलं.

आता पावसाळा लागल्यापासून मला बॅरन म्हणतात. भाकरी वाढली की बॅरन, पाणी दिलं की बॅरन. डेपोतली माणसं जेवायला असली की जास्तच. ती माणसं हसतात. मीही हसते. याचा अर्थ मात्र सांगत नाहीत. विचारलं तर म्हणाले, तुझी आजी सगळ्या तालुक्याला नावं ठेवते, तिलाच विचार. तेव्हा यमाजीदादांना विचारून कळव.

आंबट अजून काही खावंसं वाटत नाही.

सरू


शहापूर, ता. २२ ऑगस्ट १९३७

सरूबाय,

यमाजीने पुस्तक काढलं, नाकाला लावलं, मग चष्मा काढून पुसत बसला. मी म्हटलं, अरे, सापडला नाय का? म्हणाला, सापडला. मग सांग की. तर म्हणे चष्म्यावर डाग आहे. असा हा शिकलेला माणूस, एवढ्याशा शब्दाला त्याला अर्धा पाऊस लागला.

तर ऐक. बॅरन म्हणजे भारदस्त. उथळ नाय, ऐकलेलं पोटात ठेवणारी बाई. मोठ्या घरच्या बायांना म्हणतात. डेपोतली माणसं हसतात, कारण त्यांच्या घरी असलं कुणी नाय. तू हसत जा. शब्दामागं धावू नको, काम कर, सासूचे पाय चेप. आडव्या अंगाला पाय फार दुखतात.

आंबटाची घाई नाय. चिंच काय, झाडावरच राहते.

आजी


शहापूर, ता. २२ ऑगस्ट १९३७ (टपालाने)

जावईबापू कमळूराव यांना बाईजाचा रामराम.

सरूचं पत्र आजच लिहून झालं, हे तुमचं. यमाजीचा हात दुखतो म्हणतो, पण तोंड त्याहून जास्त दुखतंय त्याचं, बोलायचं ते गिळल्यामुळं.

बॅरनचा अर्थ त्याने मला वाचून दाखवला. पडीक जमीन, न फळणारं झाड, आणि वांझ बाई. माझ्या नातीला तुमी चारचौघांत भाकरीबरोबर हा शब्द वाढता. वा! मीही लोकांना नावं ठेवते, पण माझी नावं ज्याची त्याला कळतात. तो मला उलट दोन देऊ शकतो. ज्याला कळत नाय त्याला नाव ठेवणं म्हणजे बांधलेल्या जनावराला दगड मारणं.

तरी मी भांडत नाय. पोरीला मी वेगळाच अर्थ सांगितलाय. भारदस्त म्हणून सांगितलं. मला खोटं पाडू नका. तुमाला वांझ म्हणायचंच असेल तर इंग्रजीत म्हणत राहा, तिला कळत नाय तोवर तिच्या हातची भाकरी तुमाला गोड लागेल. पण तिला घरात ठेवा. तीन वर्षं पीक नाय आलं म्हणून कुणी शेत टाकत नाय. आणि शहाणा शेतकरी जमिनीला बोल लावायच्या आधी बियाणंही बघतो.

बाईजा


मुरबाड, ता. ६ सप्टेंबर १९३७

ती. सौ. नव्हे, श्रीमती बाईजाबाई यांस कमळूचा नमस्कार.

आपले पत्र पोचले. आपण सांगितलेला अर्थ माझ्या पुस्तकात नाही. परंतु तो आपल्या सोयीचा आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्याही. ती हल्ली फार उत्साहात असते. मी आपल्याला खोटे पाडणार नाही.

मात्र एक ध्यानात असू द्यावे. यापुढे हे आपले दोघांचे आहे. उद्या तिला कळलेच, तर शब्द मी दिला आणि अर्थ आपण दिलात, असे होईल. आपले पत्र मी जपून ठेवले आहे.

आई दुसरीचे मनावर घेऊन बसली आहे. मी होळीपर्यंत वाट पाहीन. बियाण्याविषयी आपण लिहिलेत ते आपल्या वयाकडे पाहून सोडून देतो.

कमळू


मुरबाड, संक्रांत झाल्यावर, १९३८

आजी, पाया पडते. तीळगूळ गिरजाजवळ दिला आहे, तिने वाटेत खाल्ला नसेल तर मिळेल.

आमच्याकडे नवीन रेंजरसाहेब आले आहेत. त्यांची बायको पुण्याची, पहिलटकरीण. तिचं डोहाळजेवण बंगल्यावर आहे, आणि मला बोलावणं आलंय! ह्यांच्या जागेचं रेंजरसाहेबांच्याच हातात आहे, म्हणून हे म्हणाले, नीट वाग, तोंड गोड ठेव. सासूबाईंनी स्वतःची हिरवी लुगडी दाखवून त्यातलं एक नेसायला दिलं.

तिथे सगळ्या सुवासिनींना नाव घ्यायला लावणार. माझा उखाणा तयार आहे. मीच केला. आधी तुला ऐकवते, मग बाकीच्यांना:

आंब्याच्या फांदीला मोहर आला बहरून,
कमळूराव हाक मारतात मला बॅरन म्हणून.

चांगला झालाय ना? बाकीच्यांचे सगळे जुनेच असतात. पुण्याच्या बाईला इंग्रजी येतं, तिला वाटेल मुरबाडातसुद्धा कुणीतरी आहे. हे मला पूर्वी ब्राइट म्हणायचे, पण भारदस्त त्याहून वरचं. ब्राइट तर कुणीही असतं.

सरू


शहापूर, ता. २४ जानेवारी १९३८

सरू,

तो उखाणा घेऊ नको.

नवऱ्याने दिलेला शब्द कानातल्या कुड्यांसारखा असतो, चारचौघींना काढून दाखवला की नजर लागते. आपला साधा घे: महादेवाच्या पिंडीला बेल वाहते वाकून, अमक्यांचं नाव घेते तुमचा मान राखून. साधा आहे, पण या उखाण्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाय. ऐकलंस? गिरजाला मुद्दाम याच एका कामाला धाडलंय, बांगड्यांची टोपली न घेता. ती दाराशी उभी राहील आणि तुझ्या तोंडून पिंडीचा उखाणा ऐकूनच परत येईल.

आजी


मुरबाड, माघ, १९३८

आजी,

गिरजा आली होती. तिला मी पिंडीचा उखाणा म्हणून दाखवला. तू म्हणालीस म्हणून तोच घेणार होते. कुणाची नजर, ते कळलं नाही, पण घेणार होते.

बंगल्यावर पाच जणी ओटी भरणार होत्या. त्यात मला बसवलं. पुण्याहून आलेल्या बाईंच्या आईला कुणाचं काय ठाऊक? वाटलं असेल, हिचं मूल घरी सासूजवळ आहे. नारळ माझ्या हातात दिला. सगळ्या म्हणाल्या, नाव घेतल्याशिवाय ओटी नाही. माझ्या आधी पाटलीण होती. तिने पिंडीचाच घेतला. शब्दाला शब्द तोच. आता मी पुन्हा तो कसा घेणार? सगळ्या म्हणायला लागल्या, अगो घे, घे, अडलीस का? मग माझा माझाच घेतला.

कुणी हसलं नाही. बाई नुसत्या बघत राहिल्या. त्यांची आई म्हणाली, "पुन्हा म्हण बघू." मला वाटलं, आवडला. मी पुन्हा म्हटला. मोठ्याने म्हटला, आजी.

बाईंनी पदर पोटावर ओढून घेतला. त्यांच्या आईने माझ्या हातातून नारळ काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि पाटलिणीच्या हातात दिला. वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. पान वाढलं मला, पण पडवीत, वेगळं. तरी मला काही कळेना. मग उष्टी काढणारी सकुबाई आतल्या बायांचं बोलणं ऐकून आली आणि कानाशी वाकून म्हणाली, "बाये, सोताला वांझ म्हणून कुणी उखाणा घेतं होय?"

घरी आले तर ह्यांना आधीच कळलं होतं. रेंजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, तुमचं इंग्रजी ऐकलं, एवढं आमच्या कचेरीला परवडणार नाही. जागा गेली. मला वाटलं मारतील. मारलं नाही. पुस्तक उघडलं, शब्दावर बोट ठेवलं, आणि पुढे छापलेला मराठी अर्थ मला माझ्या तोंडाने वाचायला लावला. चौथीपर्यंत शिकले त्याचा हा उपयोग. मग पेटीतून तुझं पत्र काढलं आणि तेही वाचायला लावलं. म्हणाले, तुझ्या आजीला ऑगस्टपासून ठाऊक आहे.

काकाला पाठव. मला घेऊन जाऊ दे. मी गोठ्यात राहीन.

सरू


शहापूर, ता. २० फेब्रुवारी १९३८

सरू,

काका येणार नाय.

मी खोटं बोलले. बरं. खरं बोलले असते तर काय केलं असतंस? ऑगस्टात रडली असतीस, ती आता रडतेस. मधले महिने हिरवं लुगडं नेसून हसलीस ना? ते मी दिले. फुकटात मिळालं म्हणून त्याला वाईट म्हणू नको. राग मला यायला हवा, पाटलिणीचा. सगळ्या जगात उखाणे पडलेत आणि त्या भवानीला तोच सापडला.

आता ऐक, आणि यमाजी हे अक्षरशः लिहितोय, नरम करत नाय. तुझा उखाणा तुझ्या पत्राच्या आधी शहापुरात पोचला. गिरजाच्या पोटात काय राहतंय? बाजारात बाया बांगड्या भरता भरता म्हणतात तो. वाशिंदवाल्यांनी निरोप धाडला, थोरली तशी निघाली, धाकटीचं काय सांगावं, आमाला मुलगी नको. गोदू तेव्हापासून विहिरीवर जात नाय. काकू म्हणते, एक परत आली तर दुसरी कायमची बसली. घर माझं नाय, सरू, काकाचं आहे. मी त्यात गुडघे धरून बसलेली बाई.

गोठ्यात राहीन म्हणतेस. गोठ्यात दुधाचं जनावर ठेवतात.

तेव्हा तिथंच राहा. वांझ बाईला घरातून काढतात. वांझ आणि उपयोगी बाईला काढत नायत, तिच्यावाचून त्यांचं अडतं. उपयोगी हो. तुझ्या सासूला कपाळाला तेल तुझ्याच हातचं लागेल असं कर. हे मी प्रेमाने सांगते. तुला तसं वाटणार नाय, न वाटो.

आजी


शहापूर, ता. ११ एप्रिल १९३८ (टपालाने)

जावईबापू,

तुमचं पत्र यमाजीने वाचलं, मग बाहेर जाऊन तोंड धुऊन आला. दोन वाटा लिहिल्यात तुमी. एक, सरूला घेऊन जा. दुसरी, गोदूला द्या, म्हणजे दोघी राहतील.

घरचं माणूस म्हणून गोदू हवी, असं लिहिलंय. अहो, मुरबाडात आता तुमाला कुणी मुलगी देईना, हे का नाय लिहिलं? ज्याची बायको भरल्या ओटीवर असला उखाणा घेते त्याच्या घरात काय शिजतं, ते लोकांना कळलंय. आणि शहापुरात माझ्या गोदूला कुणी करून घेईना. एका उखाण्याने दोन घरं बुडवली, आता तीच दोन घरं एकमेकांच्या गळ्यात पडणार. नवल नाय.

घेऊन जा गोदूला. मांडव नको, वाजंत्री नको, लोकांना बोलवाल तर लोक उखाणा मागतील. देवळात माळ घाला आणि गाडी जोडा. माझी अट एकच. सरू मोठी म्हणून घरात राहील. तिला बाहेर काढलंत तर मी गुडघे विसरून मुरबाडला येईन आणि डेपोच्या फाटकात बसून तुमाला मराठीत नावं ठेवीन. ती सगळ्यांना कळतील.

बाईजा


शहापूर, ता. २ मे १९३८

सरू,

गोदू येते आहे. तिला मी सांगितलंय, ताईला हाताखाली माणूस हवं. बाकीचं तिला देवळात कळेल.

रडायचं ते ती यायच्या आधी रडून घे. परकी सवत आणली असती तर तुला पहिल्या दिवशी चुलीवरून उठवली असती. घरचं भांडं घरच्या भांड्याला लागलं तर आवाज तरी ओळखीचा येतो. ती तुला ताई म्हणते. म्हणू दे.

आजी


मुरबाड, दसरा झाल्यावर, १९३८

आजी,

पाया पडते असं लिहायला बसले, पण हात वळला नाही.

गोदू काल इथून निघाली. सरळगावपर्यंत कुणाच्या तरी गाडीतून गेली, पुढे किन्हवलीवरून चालत येईल. का आली, ते ती तुला सांगणार नाही. म्हणून मी लिहिते.

ह्यांनी पुस्तक पुन्हा काढलं. जागा गेली तरी सवय जात नाही. आता तिला ब्यूटिफुल म्हणायला लागले. ताट वाढलं की ब्यूटिफुल, अंगणातून गेली की ब्यूटिफुल. डेपोतल्या माणसांसमोर म्हणाले की माणसं हसायची. नवी नवरी, कोण हसणार नाही? ह्यांच्या तोंडावर मी ते हसू ओळखते. मला ब्राइट म्हणायचे तेव्हाचं आहे ते.

नवरात्रात सासूबाई म्हणाल्या, "सरू, दिवाळीला शहापूरला जा. आणि मग राहाच तिकडे. आता घर गोदू बघते." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. तुझी अट मी ह्यांच्या पेटीतल्या पत्रात वाचली होती, ती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी जात्यावर बसलो होतो. गोदू म्हणाली, "ताई, ब्यूटिफुल म्हणजे काय गो? तुला वाचता येतं."

मी जातं थांबवलं नाही. म्हटलं, "ठेवलेली बाई."

"म्हंजे?"

"लग्नाची नाय. ठेवलेली."

"खोटं!"

"तुझ्या लग्नात वाजंत्री होती? मांडव होता? मग माणसं कशाला हसतात?"

तिने खुंटा सोडला. मी एकटीने दळण पुरं केलं.

तू वाईट शब्दाचा चांगला अर्थ सांगितलास आणि मला इथे ठेवलंस. मी चांगल्या शब्दाचा वाईट अर्थ सांगितला आणि तिला इथून काढलं. यमाजीदादांना हा शब्द ठाऊक असणार. त्यांना सांग, गोदूला खरा अर्थ सांगायला. ब्यूटिफुल म्हणजे सुंदर, ह्यांनी सासूबाईंना सांगताना मी ऐकलंय. एवढं कळलं की ती दुसऱ्या दिवशी परत येईल, पळत. मग मला तुझ्या दाराशी यावं लागेल, आणि त्या दारात तू मला घेणार नाहीस.

तुझ्या दोन नाती आहेत. कोणती कुठे ठेवायची ते आजवर तूच ठरवलंस. याही वेळी तूच ठरव.

सरू


शहापूर, ता. १७ ऑक्टोबर १९३८

सरू,

गोदू पोचली. तळपायांची सालं निघाली होती. काकाने विचारलं, मारलं का? नाय. उपाशी ठेवलं? नाय. मग काय झालं? बोलत नाय. काकूने नवस बोलायचं ठरवलंय, कुठल्या देवाला ते ठरलं नाय, कारण पोरीला झालंय काय तेच कुणाला ठाऊक नाय.

तुझे कमळूराव न्यायला येऊन गेले. नवं धोतर, खांद्यावर उपरणं. गोदू माळ्यावर चढून बसली आणि शिडी वर ओढून घेतली. ते खाली उभे राहून गोड आवाजात तोच शब्द म्हणाले. बिचाऱ्याला वाटलं, त्याने उतरेल. वरून तिने पायलीचं माप फेकलं, ते त्यांच्या खांद्याला लागलं. मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले. पुन्हा येणार नायत ते. तुझ्या सासूचा निरोप आलाय, सरूला राहू दे, दुसरी डोक्याने अधू निघाली.

आज गोदूला पाय बांधायला इथं दवाखान्यात आणली. तुझं पत्र यमाजीने मला कालच वाचून दाखवलं होतं. पट्टी गुंडाळत असताना पोरीने त्यालाच विचारलं, "दादा, तुमाला इंग्रजी येतं ना? ब्यूटिफुल म्हणजे काय हो?"

यमाजीचं तोंड उघडलं. मी म्हटलं, "यमाजी."

तो म्हणाला, "बाईजाबाय, हा शब्द शाळेतलं पोर सांगेल."

मी म्हटलं, "शाळेतलं पोर इथं नाय. इथं मी आहे." आणि गोदूकडे वळून मीच सांगितलं, "ताईने सांगितला तोच अर्थ गो."

वाटलं होतं रडेल. नाय रडली. पट्टी पुरी बांधून घेतली, आणि मग हळू म्हणाली, "सगळी मला बघत राहतात ना आजी, त्याच्यामुळं त्यांना वाटलं असेल मी तसली."

मी हो म्हटलं नाय. नाय पण म्हटलं नाय.

तर तुझी जागा तिथं पक्की झाली. ती धरून बस. इकडं यायचं नाय, दिवाळीला नाय, मी मेले तरी नाय. तू समोर दिसलीस की ती पुन्हा विचारेल, आणि तुझं तोंड माझ्याइतकं घट्ट झालेलं नाय अजून. होईल.

यमाजी म्हणतो, हे शेवटचं. यापुढं तो माझ्यासाठी टाक उचलणार नाय, दुसरं कुणी बघा म्हणतो. मी म्हटलं, बघायचं कशाला, आता सांगायचं कुणाला राहिलंय? तरी एवढं पुरं कर म्हटलं, म्हणून लिहितोय, मान खाली घालून.

गोदू बाहेर बाकावर बसली आहे, मला घरी न्यायला. बाजाराचा दिवस आहे. येणारी-जाणारी माणसं सवयीने तिच्याकडे बघतात, आणि ती दर वेळी उठून, बाकाच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसते.

बाईजा